बेस ऐकू आला पाहिजे: केरावाच्या मैफलीच्या श्रवणसत्राच्या नोंदी

7 एप्रिल 2024, रविवार. मिरज

जूनच्या बैठकीचा विषय आज ठरला. आमचं श्रवणमंडळ लहान आहे. पंधरा-वीस माणसं महिन्यातून एकदा वरच्या मजल्यावरच्या खोलीत सतरंज्या टाकून बसतात, एक ध्वनिमुद्रण सलग ऐकतात आणि मग बोलतात. बहुतेक वेळा ख्याल, अधूनमधून सतार-सरोद. जाझ आजवर एकदाच झाला, तोही पियानोचा, कानाला सुखावणारा. या वेळी मी हट्टच धरला: हेन्री ग्राइम्स यांचा ‘लाइव्ह ॲट द केरावा जाझ फेस्टिव्हल’. फ्री जाझ, लोकांसमोर वाजवलेला, आणि संच (अल्बम) डबल बेस या माणसाएवढ्या उंच, खर्जातल्या तंतुवाद्याच्या वादकाच्या नावावर.

मैफल जून 2004 मधली, फिनलंडच्या केरावा गावातली. हेलसिंकीच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे ते. येत्या जूनला तिला वीस वर्षं होतील. मंडळाला मी हेच कारण सांगितलं. मनातलं कारण निराळं आहे. ही सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा मला जवळजवळ फक्त सॅक्सोफोन ऐकू आला होता. दहाव्या-बाराव्या वेळी कान खाली उतरला आणि मग कळलं की मैफल खालून चालवली जातेय. तो कान उतरण्याचा क्षण इतरांनाही मिळावा, एवढीच इच्छा.

9 एप्रिल, मंगळवार

पाडवा. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर वही उघडली आणि वाटायच्या पत्रकासाठी टिपणं सुरू केली.

तिघंच आहेत. ग्राइम्स डबल बेसवर. डेव्हिड मरे टेनर सॅक्सोफोन आणि बेस क्लॅरिनेटवर. हमीद ड्रेक ड्रम्सवर. मरे आणि ड्रेक दोघंही 1955 सालचे, ग्राइम्स 1935 चे. वीस वर्षांनी लहान साथीदार घेऊन बसलेला अडुसष्ट वर्षांचा मुख्य कलाकार, हे चित्र आपल्या लोकांना चटकन उमगेल. चार रचना: ‘स्पिन’, ‘एटी डिग्रीज’, ‘फ्लॉवर्स फॉर आल्बर्ट’, ‘ब्लूज फॉर सवाना’. स्वीडनच्या आयलर रेकॉर्ड्सने काढलेला संच.

पियानो नाही, गिटार नाही, म्हणजे वरून स्वरांची चौकट धरणारं कोणतंही वाद्य नाही. पत्रकात हे ठळकपणे यायला हवं. चौकट नसली की बेसच्या प्रत्येक सुराला वजन येतं, कारण सॅक्सोफोनच्या खाली दुसरं काहीच नसतं.

ड्रेक यांच्याबद्दल एक ओळ आमच्या तबल्याच्या ताईंसाठी मुद्दाम: यांनी तबल्याचाही अभ्यास केलाय, आणि कित्येकदा काठ्या बाजूला ठेवून ते ड्रम्स नुसत्या हातांनी वाजवतात.

14 एप्रिल, रविवार

पहिली चाचणी फसली.

मंडळाचा नेहमीचा लहान स्पीकर लावला आणि ‘स्पिन’ सुरू केलं. पाच मिनिटं ऐकून बंद केलं. सॅक्सोफोन होता, झांजा होत्या, आणि ज्याच्या नावाचा संच आहे तो माणूसच गायब. कुठेतरी लांब कुणी दोरी ओढतंय इतपत आवाज.

घरी येऊन आकडे मांडले. डबल बेसच्या चार मोकळ्या तारा सुमारे 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झला लागतात. आपल्याकडे काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार 69 च्या आसपास. म्हणजे या वाद्याच्या खालच्या दोन्ही तारा तंबोऱ्याच्या खर्जाच्याही खाली. आमच्या स्पीकरचा पडदा चार इंची, शंभरच्या खाली त्याचा जीव संपतो. ख्यालाला तो पुरतो, कारण गळा आणि हार्मोनियम वर असतात आणि तंबोऱ्याचे वरचे नाद कान स्वतःच भरून घेतो. बेसचंही थोडंफार तसं होतं. मूळ स्वर आला नाही तरी वरच्या नादांवरून कान त्याची जागा ओळखतो. पण जागा ओळखणं आणि पोटात तो स्वर जाणवणं यांत फार फरक आहे.

हा स्पीकर चालणार नाही. मोठा मिळवायला हवा.

15 एप्रिल, सोमवार

आज ग्राइम्स यांचा स्मृतिदिन. 15 एप्रिल 2020, न्यूयॉर्क, कोरोनाची पहिली लाट, वय 84.

त्याच दिवशी, त्याच शहरात, त्याच आजाराने सॅक्सोफोनवादक ली कोनिट्झ गेले. 1958 च्या अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जाझ जलशात बावीस वर्षांचे ग्राइम्स एकामागून एक वेगवेगळ्या कलाकारांच्या चमूंबरोबर वाजवत राहिले होते: बेनी गुडमन, जेरी मलिगन, सॉनी रोलिन्स, थेलोनियस मंक. आणि त्या यादीत कोनिट्झही होते. बासष्ट वर्षांपूर्वी एका व्यासपीठावर उभे राहिलेले दोघे एकाच दिवशी गेले. हे पत्रकात घालणार नाही, तिथे त्याचं काम नाही. पण आजच्या तारखेला लिहून ठेवल्यावाचून राहवलं नाही.

20 एप्रिल, शनिवार

तंबोरे करणारे काका आमच्या मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. त्यांच्या कारखान्यात गेलो होतो. भोपळे वर टांगलेले, खाली तुनाच्या लाकडाच्या फळ्या, आणि काका एका तबलीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या पुढच्या फळीवर, कानस चालवत बसलेले. मी त्यांना ग्राइम्स यांच्या वाद्याची हकिगत सांगितली. आधी ती इथे लिहितो, कारण आमचं बोलणं तिच्यावरच झालं.

1960 च्या दशकाच्या शेवटी ग्राइम्स न्यूयॉर्क सोडून पश्चिमेकडे गेले. प्रवासात बेस मोटारीच्या टपावर बांधलेला. वाळवंटातल्या उन्हाने आणि कोरड्या हवेने वाद्य फाटलं. दुरुस्तीला पैसे नव्हते, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये ते पाचशे डॉलरला विकून टाकलं. आणि मग तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी बेसला हात लावला नाही.

काकांनी कानस खाली ठेवली. पहिला प्रश्न: “लाकूड कुठलं?”

पुढची फळी स्प्रूसची, मागची बाजू बहुधा मेपलची, मी म्हटलं.

“आणि जोड सरसाने?”

हो, सरसानेच.

“मग फाटलं म्हणतोस ते लाकूड का जोड?” त्यांनी बोटाने तबलीच्या रेषा दाखवल्या. “हे बघ. लाकूड उभं सुकत नाही, आडवं सुकतं. या रेषांच्या आडवं. कडेला घट्ट चिकटवलेलं, आत यायला वाव नाही, मग ते कुठंतरी उकलणारच. सरस बरा असला तर जोड सुटतो, लाकूड वाचतं. जोड पुन्हा लावता येतो. लाकूडच चिरलं तर आतून पट्ट्या मारायच्या. त्यानं विकायला नको होतं रे.”

पैसे नव्हते, काका.

“कुणीतरी उधारीवर केलं असतं.” आणि थोड्या वेळाने: “टपावर कशाला बांधलं. एवढं मोठं वाद्य.”

एखाद्या नात्यातल्या मुलाबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. निघताना त्यांनी विचारलं की तो पुन्हा वाजवायला लागला का. मी सांगितलं नाही. म्हटलं, जूनमध्ये या.

21 एप्रिल, रविवार

पुढची हकिगत एका जागी असावी म्हणून लिहितो.

इतकी वर्षं ते लॉस एंजेलिसमध्ये एका खोलीत राहिले. साफसफाईची, इमारतींच्या देखभालीची, बांधकामाची कामं केली, आणि वह्या भरून कविता लिहिल्या. (त्यांतलं पुस्तक 2007 मध्ये जर्मनीतून निघालं.) जाझच्या जगाने त्यांना मृत धरलं होतं. 2002 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मार्शल मॅरॉट या समाजकार्यकर्त्याने, जो स्वतः जाझवेडा, त्यांना शोधून काढलं. तेव्हा ग्राइम्स यांच्याकडे वाद्य नव्हतं. न्यूयॉर्कचे बेसवादक विल्यम पार्कर यांनी आपल्याकडचा एक बेस त्यांना पाठवला. हिरवट रंगाचा, ‘ऑलिव्ह ऑइल’ नावाचा. डिसेंबर 2002 मध्ये तो पोचला. मे 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिजन फेस्टिव्हलमध्ये ते लोकांसमोर वाजवत होते.

केरावाची मैफल वाद्य हातात आल्यापासून अठराच महिन्यांची. आणि स्वतःच्या नावाचा आधीचा संच ‘द कॉल’, डिसेंबर 1965 मधला, क्लॅरिनेटवर पेरी रॉबिन्सन आणि ड्रम्सवर टॉम प्राइस. दोन्हींमध्ये साडेअडतीस वर्षं.

हे लिहून झालं आणि धास्ती वाटली. हकिगत इतकी मोठी आहे की ती संगीताच्या अंगावर बसेल. लोक ऐकताना बेस ऐकणार नाहीत, चमत्कार ऐकतील. “इतक्या वर्षांनी किती छान वाजवलं” असं कुणी म्हणालं तर माझी संध्याकाळ फुकट गेली. त्या वाजवण्यात सवलत मागणारं काहीही नाही. आठवणी काढत बसणंही नाही. जिथे सोडलं होतं तिथून पुढे चाललेला माणूस आहे तो.

28 एप्रिल, रविवार

पत्रकातला सगळ्यात अवघड परिच्छेद: फ्री जाझ म्हणजे काय.

‘मुक्त जाझ’ लिहिलं तर लोक विचारणार, कशापासून? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर नेमकं देता येतं. जाझमध्ये साधारणपणे स्वरसंगतींचं एक आवर्तन ठरलेलं असतं, ते फिरत राहतं आणि त्यावर वाजवणारा नवी धून रचतो. बेसचं काम ते आवर्तन पायाखाली दाखवत चालायचं, मात्रेमात्रेला एक सूर. तबल्याच्या सोलोला लेहरा असतो, जवळजवळ तसं. लेहरेकऱ्याने जागा सोडली तर तबलजीची सम हरवते, म्हणून तो बिचारा तासभर तीच ओळ धरून बसतो.

आता कल्पना करायची: आवर्तनच काढून टाकलं. लेहरेकरी मोकळा झाला. मग त्याने काय वाजवायचं?

1960 पासून बेसवाल्यांपुढे हा प्रश्न उभा राहिला. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी त्या डिसेंबरात आठ जणांचं जे ध्वनिमुद्रण केलं, ज्याच्या नावावरून हा सगळा प्रकार ओळखला जातो, त्यात दोन बेस होते. पुढे सॅक्सोफोनवादक आल्बर्ट आयलर यांच्या 1965 च्या संचातही दोन, आणि त्यांतला एक ग्राइम्स यांचा. पियानोवादक सेसिल टेलर यांच्या 1966 च्या संचातही दोन, तिथेही एक ग्राइम्स यांचाच. मोकळं झालेलं वाद्य काय काय करू शकतं हे एकट्याने दाखवून भागत नव्हतं, असं मला वाटतं. एक खाली बोटांनी चाले, दुसरा वर गजाने ओढे.

केरावाला एकच बेस आहे, आणि ग्राइम्स ही दोन्ही कामं आलटून पालटून करतात. पत्रकात हे वाक्य घ्यायचं.

ताई म्हणाल्या, “सरळ आलापासारखं असतं असं लिहा की, लोकांना कळेल.” मी नको म्हटलं. आलापात राग असतो, आणि रागाचे कायदे कोणत्याही आवर्तनापेक्षा कडक. इथे रागही नाही. इथला कायदा त्या क्षणी शेजारी काय वाजतंय त्यातून निघतो. आलाप म्हणून ऐकायला बसलेल्याला हे बेसूर वाटेल, आणि तो त्याचा दोष नसेल.

4 मे, शनिवार

पत्रक एका पानात बसवलं. ‘बँडलीडर’ला मराठी शब्द सापडेना. ‘नेता’ सभेतला वाटतो, ‘म्होरक्या’ टोळीतला. शेवटी ‘मुख्य कलाकार’ ठेवलं. आपल्या निमंत्रणपत्रिकेवर असतं तसं: मुख्य कलाकाराचं नाव मोठं, साथीदारांची खाली.

मोठा स्पीकर एका गणेश मंडळाकडून मिळतोय, पंधरा इंची. गणपतीपर्यंत त्यांना लागत नाही.

12 मे, रविवार

स्पीकर आला. दोघांनी जिन्यावरून चढवला, खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, ‘एटी डिग्रीज’ लावलं.

नवीच आफत. आता बेस इतका आला की बाकी काही ऐकू येईना, आणि तोही सगळा नाही. काही सूर साधे वाजायचे. सगळ्यात खालची तार छेडली गेली की खोली ढोलासारखी घुमायची आणि तो एकच सूर पुढच्या चार सुरांवर पसरायचा. मी भिंतीला टेकून बसलो होतो, माझी छाती हलत होती. खोलीच्या मध्यावर बसलेल्या ताई म्हणाल्या, “मला तर तो सूर नीट येतच नाहीये.”

त्यांच्या जागी जाऊन बसलो. खरंच. तीच तार, तोच क्षण, आणि मध्यावर जवळजवळ पोकळी.

टेप काढून खोली मोजली. रुंदी 14 फूट, लांबी 22. रुंदी म्हणजे सव्वाचार मीटर. या उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास धावतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो सर्वात खालचा सूर अडकून राहतो त्याची अर्धी लांबी खोलीच्या रुंदीएवढी. भागाकार केला: 41 हर्ट्झ. ग्राइम्स यांची सगळ्यात खालची मोकळी तार आणि आमची खोली एकाच सुरात लागलेल्या! भिंतीपाशी हा सूर फुगतो, बरोबर मध्यावर मरतो.

उपाय त्याच हिशेबातून निघाला. ज्या जागी तो सूर मरतो त्याच जागी स्पीकर ठेवला तर खोलीला तो नीट पकडताच येणार नाही. कोपऱ्यातून काढून आखूड भिंतीच्या बरोबर मध्यावर आणला. तळाला वाळूची दोन पोती. पुन्हा लावलं.

बेस जागेवर आला. घुमणं गेलं आणि तारेवरून बोट सुटतानाचा तो छोटा टक् आवाज, जो मी आजवर फक्त हेडफोनवर ऐकला होता, तो खोलीत ऐकू आला. आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही.

19 मे, रविवार

आज क्रमावर वाद. ताईंचं म्हणणं, हकिगत आधी सांगा. माणूस कळला की संगीत ऐकायला लोक तयार होतात, नाहीतर दहाव्या मिनिटाला अर्धे उठतील. माझं म्हणणं, आधी काहीच सांगायचं नाही, नावही नाही.

दोन तास बोलल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला आणि मी अडखळलो: “तिसरी रचना कुणासाठी आहे, हे न सांगता ऐकवणार?”

‘फ्लॉवर्स फॉर आल्बर्ट’ ही डेव्हिड मरे यांची रचना, आल्बर्ट आयलर यांच्या आठवणीतली. 1976 मध्ये मरे यांचा याच नावाचा संच आला, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर ते ती वाजवत आले. आयलर यांचा मृतदेह नोव्हेंबर 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये सापडला होता, वय 34. ग्राइम्स त्यांच्याबरोबर 1964 पासून वाजवत होते. आणि 2002 मध्ये ग्राइम्स सापडले तेव्हा आयलर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वीची बातमी त्यांना त्या वर्षी कळली.

त्यानंतर दोनच वर्षांनी केरावाला ते ‘फ्लॉवर्स फॉर आल्बर्ट’ वाजवतात. शेजारी मरे, ज्यांनी फुलं आधीच, 1976 मध्येच वाहिलेली. ग्राइम्स यांच्यासाठी ते दुःख दोन वर्षांचं.

हे मला माहीत होतं. पण असं एका ओळीत, कुणाच्या प्रश्नापुढे, मांडून पाहिलं नव्हतं. आणि मग लक्षात आलं की ती धून रडकी नाही याचंही उत्तर द्यावं लागेल. ती नाचरी आहे, कॅरिबियन बेटांवरच्या गाण्यासारखी उसळती. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला श्रद्धांजली म्हणून सांगितलं तर तो गोंधळेल. आपल्याकडे दिंडीत चालताना अभंग ज्या ठेक्यावर गातात तो आठवला तर नाही गोंधळणार.

ठरलं: पहिल्या दोन रचना काही न सांगता. मग दिवा लावून हकिगत, दहा मिनिटांत. मग तिसरी आणि चौथी.

26 मे, रविवार

पूर्ण चाचणी. नोंद एवढीच की आवाजाची पातळी आता ठरली आहे आणि ती ताईंना मान्य आहे. खिडक्या बंद ठेवाव्या लागतील, म्हणून पंखे पूर्ण वेगाने नकोत, त्यांचा घों-घों आवाज नेमका गजाच्या हलक्या वादनावर पडतो. गर्मी सहन करावी लागेल.

‘ब्लूज फॉर सवाना’ आज नीट ऐकला. त्यातला आनंद मला आधी कमी जाणवला होता.

1 जून, शनिवार

पत्रक छापून आलं. एक जोड मात्र राहून गेला, तो तोंडी सांगेन.

मार्च 1959 मध्ये तेवीस वर्षांचे ग्राइम्स सॉनी रोलिन्स यांच्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर होते. तिघंच: टेनर सॅक्सोफोन, बेस, ड्रम्स. ड्रम्सवर पीट ला रोका. पियानो नाही. केरावाची जी मांडणी मी पत्रकात एवढ्या कौतुकाने समजावली आहे, ती त्यांच्या हाताला पंचेचाळीस वर्षांपूर्वीच ठाऊक होती. सॅक्सोफोनच्या खाली एकट्याने उभं राहायचं म्हणजे काय, हे ते तरुणपणीच शिकले होते.

रोलिन्स यांचं नाव घेतलं की आपल्याकडच्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1960 च्या दशकाच्या शेवटी ते वाजवणं बाजूला ठेवून भारतात आले आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिले. नंतर 1978 च्या मुंबईच्या पहिल्या जाझ यात्रेत वाजवूनही गेले. ग्राइम्स नाहीसे झाले तेही साधारण पवईच्याच दिवसांत. एकाने मौन धरलं आणि ते सोडून परत येण्यासाठी त्याची माणसं, त्याचं वाद्य, सगळं वाट पाहत होतं. दुसऱ्याचं वाद्य टपावर फाटलं.

8 जून, शनिवार. रात्री

सतरा जण आले. मंगळवारपासून सगळ्यांच्या तोंडी निवडणुकीचे निकाल होते, आजही जिना चढेपर्यंत तेच. साडेसहाला दिवे मालवले. बाहेर ढग दाटलेले, खिडक्या बंद, सगळे घामाघूम.

‘स्पिन’ सुरू झालं. मी लोकांकडे बघत होतो. पहिली काही मिनिटं अवघड गेली. दोघंजण चुळबुळले, एक गृहस्थ पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि परत आले नाहीत. मरे यांचा सॅक्सोफोन वरच्या सप्तकात किंचाळत चढतो तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजींनी कानावर पदर ओढला. मला त्यांची माफी मागावीशी वाटली, पण आजी उठल्या नाहीत.

तबल्याच्या ताई मांडीवर बोट आपटत मात्रा शोधत होत्या. मग त्यांनी हात थांबवला आणि तळवा उघडा ठेवून नुसत्या बसल्या. त्या क्षणी त्यांनी मोजणं सोडलं, हे मला तिथून दिसलं.

‘एटी डिग्रीज’नंतर दिवा लावला. हकिगत सांगितली. ठरवल्याप्रमाणे दहा मिनिटांत. वाद्य विकल्याचं सांगितलं तेव्हा काकांकडे पाहिलं नाही. हिरवा बेस पार्सलने आल्याचं सांगितलं तेव्हा पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि एका हाताने सतरंजीची किनार सरळ करत होते. आयलर यांच्याबद्दल सांगितल्यावर कुणी काही विचारलं नाही. पुन्हा अंधार.

‘फ्लॉवर्स फॉर आल्बर्ट’बद्दल मी इथे फार लिहिणार नाही. धून आली आणि आजींच्या बांगड्या हलायला लागल्या, एवढं लिहितो. ग्राइम्स त्या धुनेला खाली आधार देत बसत नाहीत. ते तिच्याशी सतत बोलतात, मध्येच अडवतात, मागे राहतात, पुढे जातात, आणि ड्रेक ठेका इतका पक्का धरतात की बेसला हवं तिथे जाता येतं. पूर्वी हे काम बेसचं होतं. इथे ड्रम्सनी ते उचललंय आणि बेसला सोडवलंय.

संपल्यावर बोलणं सुरू झालं. मला भीती होती ते वाक्य एका पाहुण्यांनी म्हटलंच, इतक्या वर्षांनी कमाल आहे वगैरे. मी उत्तर देणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, “वर्षं सोडा हो. पहिल्या दोन वेळी तुम्हाला वर्षं माहीत नव्हती. तेव्हा काय ऐकलंत?” ते गृहस्थ प्रामाणिक होते. म्हणाले, सॅक्सोफोन.

काका इतका वेळ गप्प होते. ते उठले, हळूहळू स्पीकरपाशी गेले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ते पहिलं पुन्हा लाव.”

साडेनऊ वाजत आले होते, खोली दहाला बंद करायची असते. आठ-दहा जण निघाले. मी ‘स्पिन’ परत लावलं. काकांनी उजव्या हाताचा तळवा स्पीकरच्या लाकडी अंगावर टेकवला, तबली तयार झाली की बघतात तसा, बोटं सैल, अंगठा वर. डोळे मिटले. खालची तार आली की त्यांची भुवई किंचित उचलायची. सॅक्सोफोन कितीही वर गेला तरी त्यांचा हात हलला नाही.

पंधराएक मिनिटांनी, डोळे न उघडता, त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून आपल्या हाताशेजारी ठेवला.

9 जून, रविवार

स्पीकर परत दिला. वाळूची पोती खालीच ठेवली आहेत. ताईंनी सीडी मागून नेली. आजींच्या सुनेचा फोन आला होता, पुढच्या महिन्यात काय आहे विचारायला. ‘द कॉल’ लावावा असं मनात आहे. तोच माणूस, तिशीतला, वाद्य अजून स्वतःचं.